मामाचा रुसवा

फार पूर्वी चंपानगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका व्यापाऱ्याच्या कुळात जन्मला. तक्षशिलेत विद्या घेऊन तो परतला, तेव्हा त्याच्या भाच्याचे लग्न निघाले होते.

त्या देशात एक रीत होती. वराच्या मामाने पंगतीत रुसावे, काही मागावे. ते मिळेपर्यंत वऱ्हाडातल्या कोणी घास घेऊ नये.

पण वऱ्हाड सकाळपासूनच रुसत होते. पाट ठेंगणे, पाणी कोमट, खीर पातळ. एकाने भरला द्रोण अंगणात भिरकावला.

"व्याही, आमच्याकडे गुरंसुद्धा याहून बरं खातात हो!" वराचा बाप अग्रदत्त म्हणाला. वऱ्हाड हसले.

वधूपिता नंदिसेन विणकर होता. उपाशीपोटी हात जोडून जोडून तो थकला होता. त्याची मुलगी दाराआडून पाहत होती. याच माणसांत तिला जन्म काढायचा होता.

बोधिसत्त्वाला या साऱ्याचा शीण आला होता. पंगतीत पाने वाढून झाली, तरी त्याने काही मागितले नाही.

"मेहुणे, रुसा की आता!" अग्रदत्त म्हणाला. "एवढं शिकून आलात, रुसायला नाही शिकवलं?"

"मला काही नको, दाजी."

"नको कसं? मामा रुसला नाही तर आमची पत काय राहिली?"

उठून निघून जावे, असे बोधिसत्त्वाला वाटले. मग त्याने नंदिसेनाकडे पाहिले. पाण्याचा घडा तो दर दोन पाटांनंतर खाली टेकवत होता आणि पुन्हा उचलत होता.

"बरं. रुसलो."

वऱ्हाड सरसावून बसले. नंदिसेन म्हणाला, "मागा, महाराज. घरात असेल ते देतो."

"तुमच्यावर नाही, मी माझ्याच माणसांवर रुसलो आहे. या पाटांवर तुमच्या घरची माणसं बसतील. वऱ्हाड वाढेल. तुम्ही सगळे जेवल्यावरच माझा रुसवा निघेल."

"ही कसली थट्टा?" अग्रदत्त ओरडला.

"रीत तुमचीच आहे, दाजी."

रीत मोडायला कोणी धजेना. अन्न निवू लागले, वऱ्हाडातली मुले भुकेने रडू लागली. शेवटी अग्रदत्ताने पळी उचलली. वाकून वाढता वाढता त्याला घाम फुटला. नंदिसेनाच्या म्हाताऱ्या आईने त्याचा हात धरला.

"दमलास रे बाबा. आधी पाणी पी."

अग्रदत्ताने खाली मान घालून पाणी घेतले. मुलगी दाराआडून बाहेर आली आणि आजीशेजारी जेवायला बसली.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, परवा उपासकाच्या घरी भातावरून कुरकुरणारा भिक्षू तेव्हा अग्रदत्त होता. तो उपासक नंदिसेन होता आणि मामा मीच होतो. आपण थकलेले असतानाही दुसऱ्याचा थकवा दिसणे, हीच करुणा."