चौथा दांडा

“पण बापू, दांडे नीट चालतात, मग स्क्रीनच का गोठते?”

मृणालने विचारलं. बापू केळुसकर फडक्याने बोर्डावरची धूळ पुसत राहिले.

नाट्यगृहातला हा लाकडी बोर्ड चाळीस वर्षांचा. बारा दांडे, एकेक दांडा एकेका दिव्याचा उजेड कमीजास्त करणारा. कॉलेजात असताना मृणाल इथेच बापूंच्या हाताखाली शिकली. स्टुलावर बसून भजी खायची आणि बापूंच्या हातांतून रंगमंचावर पहाट होताना बघायची. ते दिवस आठवले की तिला अजून भरून येई.

आता ती पुण्याची इंजिनिअर. बोर्ड कॉम्प्युटरला जोडून दाखवते, म्हणून ऐटीत आली होती. आज चारच्या आत जमलं नाही तर बोर्ड भंगारात, असं नाट्यगृहाच्या चिटणीसांनी बजावलं होतं. साडेतीन वाजले होते.

“तू त्या प्रोग्रामला सांगितलंयस तरी काय?”

“बोर्डावरून नजर हटवायची नाही. दांडा हलला का, हलला का, सारखं विचारत राहायचं. एक हालचाल सुटायची नाही, बापू!”

“अस्सं...”

बापूंनी चौथ्या दांड्यावर बोट ठेवलं.

“याच्याकडे बघ. मी हलवला की सांग. नजर काढायची नाही.”

मृणाल बघत राहिली. बापूंचा हात हलेना.

खाली रंगमंचावर तालीम चालू होती. नाटकातल्या इंदुमतीबाई अंधारात येऊन थबकल्या. “अहो, लाइट द्या!”

मृणालला ऐकू आलं. पण नजर काढायची कशी?

“कुणी आहे का वर? लाइट!”

...

“दांडा हललाच नाही, बापू.”

“नाही हलला. बाई मात्र दोनदा ओरडल्या.”

“तुम्हीच म्हणालात, नजर काढू नकोस!”

बापूंनी नुसतं कॉम्प्युटरकडे पाहिलं.

मृणालचा चेहरा खर्रकन उतरला. “म्हणजे दांड्यांवरच नजर, म्हणून त्याला स्क्रीनवरची क्लिक बघायला सवडच नाही! मग दांड्यांकडे लक्ष कुणी द्यायचं?”

“हलला की तो सांगेल. त्याला बोलतं कर आणि त्याचा पिच्छा सोड.”

तिने प्रोग्राम बदलला. दांड्याचा निरोप स्क्रीनवरच्या क्लिकच्याच रांगेत लावला. जो आधी येईल त्याचं काम आधी, मग पुढचा.

बापूंनी चौथा दांडा वर सरकवला. रंगमंच उजळला, स्क्रीनवरची चौथी पट्टी वर चढली. मृणालने माउसने दुसरा दिवा लावला, तोही लागला. चारला पाच मिनिटं कमी होती. दारातून चिटणीसांनी बघितलं, मान डोलावली आणि गेले. बोर्ड वाचला.

मृणालचे डोळे भरले. “हे तुम्हांला कुणी शिकवलं, बापू?”

बापू गुडघ्यावर हात टेकत उठले. स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि जिन्याकडे वळले.

“चाळीस वर्षं मीही दांड्यांकडेच बघत होतो, पोरी. आज खाली बसून नाटक बघतो.”