वडाचा पुतण्या

माणसांना झाडांचं बोलणं कळत असे, तेव्हाची गोष्ट. इंदुमती गुप्त्यांच्या दिवाणखान्यात, खिडकीपाशी, कुंडीत एक फायकस राहत असे. "वड म्हणजे माझा सख्खा काका!" असं तो गॅलरीतल्या तुळशीला रोज ऐकवी. एकदा ते इंदुमतीबाईंनीही ऐकलं.

वटपौर्णिमेला फेऱ्यांसाठी जागा हवी म्हणून बाईंनी कुंडी ओढत खोलीच्या मधोमध आणली आणि फायकसला दोरा गुंडाळला. जागा बदललेली त्याला मुळीच सोसत नसे. धसक्याने त्याची सगळी पानं गळाली.

"काय हो पुतणेबुवा," तुळस म्हणाली, "सात जन्मांची सोय करायला निघालात, आणि सात पावलांत टक्कल?"

पुन्हा खिडकीपाशी बसून वर्षभरात त्याने कशीबशी पानं धरली. पुढच्या वटपौर्णिमेला बाई दोरा घेऊन येताना दिसताच तो ओरडला, "अहो बाई, मी प्लॅस्टिकचा आहे!"