उर्पीची पट्टी

अँडीज पर्वतातल्या वायरापाता गावाच्या वर, डोंगर कापून केलेल्या पायरीशेतांत सगळ्यात उंचावरची पट्टी कुणाच्याच मालकीची नाही. पाहुणे विचारतात, तेव्हा फाउस्तिनो म्हातारा बांधावर बसून तिची हकिगत सांगतो.

फार पूर्वी, म्हणे, इथं उर्पी नावाची विधवा सासूबरोबर राहायची. गावात सावड होती. आज आम्ही तुझ्या शेतात, उद्या तू आमच्या. नवरा गेल्यावरही उर्पीनं एकाही घराचा दिवस चुकवला नाही. त्या वर्षी ती सगळ्यांच्या पेरणीला राबली, आणि मग तिची पाळी आली. आलेल्या माणसांना जेवू घालायची रीत. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून दोघींनी बियाण्यातलेच निम्मे बटाटे उकडले.

कुणी आलं नाही.

मुखिया वामान यानं नेमकी त्याच दिवशी आपल्या शेतावर पेरणी काढली होती. कळपातला लामा कापला होता, मक्याची दारू होती. खालून ढोल ऐकू येत होते. "येतील गं," सासू म्हणत राहिली. बटाटे गार झाले.

दुसऱ्या दिवशी लोकांची डोकी जड होती. पुढं ज्याला त्याला आपलंच काम निघालं. उर्पीनं एकटीनं पायनांगर रेटला, पण पेरणी लांबली आणि बटाटा पोसायच्या आत थंडीनं पाला काळा पडला. त्या हिवाळ्यात सासू "मला भूक नाही" म्हणत आपला वाटा सुनेपुढं सारायची. नव्या पेरणीपर्यंत ती टिकली नाही.

त्यानंतर गावाचा पाट फुटला. दुरुस्तीला घरटी एक माणूस हवं होतं. वामान स्वतः उर्पीच्या दारात आला, पण त्याची नजर वर होईना.

"पोरी, तू नाही आलीस तरी..."

"येते, मामा."

ती गेली. पुरुषांच्या बरोबरीनं तिनं दगड वाहिले. पाणी पुन्हा सुटलं, तेव्हा वामाननं दारूचा पहिला पेला तिच्यापुढं धरला. तिनं हात पुढं केला नाही.

"माझ्याकडं कुणाचं काही राहिलेलं नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडं माझं आहे. ते मी आता घेणार नाही."

गाठोडं उचलून ती खिंडीपलीकडं निघून गेली. दुसऱ्या दिवशी सगळं गाव तिच्या शेतात उतरलं, असं सांगतात. संध्याकाळी माणसं बांधावर बसून राहिली. त्यांना उठा, जेवा म्हणायला कुणी नव्हतं.

आजही पेरणीचा पहिला दिवस त्या पट्टीचा असतो. लोक उपाशीपोटी राबतात, बटाटे लावतात. ते कुणी खणत नाही, जागीच सडतात.

मागं एका पाहुणीनं विचारलं, "इतक्या पिढ्यांत फिटलं नसेल का हो?"

म्हातारा उठता उठता म्हणाला, "फिटलं म्हणायला ती कुठंय?"