अंगावर उगवलेलं

“…आणि पाप अंगावर उगवून आलं तर, अप्पा?”

“कुठं उगवलं?” अप्पांनी विचारलं.

चन्नवीरनं नजर वळवली.

मांजरा नदीच्या काठी एक जुना मठ होता. शंकरय्या स्वामी तिथले गुरू. लहानथोर सगळेच त्यांना अप्पा म्हणत. चन्नवीर त्यांचा शिष्य. येत्या श्रावणात मठाच्या गादीवर त्याचाच पट्टाभिषेक व्हायचा होता. तो एकवेळ जेवायचा, उघड्या फरशीवर निजायचा, बाईमाणसाकडे मान वर करून बघायचा नाही. त्याच्या कडकपणाची कीर्ती तालुकाभर होती. ती त्याच्याही कानावर होती.

गेले काही दिवस मात्र तो पूजेला मांडी घालून बसत नव्हता. उभ्यानं जप करायचा. भक्त म्हणत, स्वामींनी नवं व्रत धरलंय.

अप्पा काही म्हणाले नव्हते.

“बैस,” आता ते म्हणाले.

“बसवत नाही.”

“काय लावलंस तिथं?”

चन्नवीर दचकला. मग खाली बघून म्हणाला, “आधी चुना… मग बिब्बा.”

अप्पांनी डोळे मिटले. बिब्ब्याचं तेल पायाच्या भेगेवर पडलं तरी माणूस कळवळतो.

“कुणी सांगितलं?”

“विचारणार कुणाला?”

मग त्यानं सगळं सांगितलं. गुप्तांगावर चामखीळ आली होती. आधी एखादी, मग फुलकोबीच्या तुऱ्यासारखा झुपका. दुखत नव्हती, पण वाढत होती. जाळली की तिच्या शेजारी दुसरी उठायची.

“मठात यायच्या आधी मी लातूरला शिकायला होतो. वैजयंता नावाची मुलगी होती. लग्न करणार होतो आम्ही… मग मन इकडं ओढलं. मी आलो. तिला तिथंच सोडून आलो. त्याचंच हे फळ.”

अप्पा ऐकत होते.

“मला मोकळं करा, अप्पा. श्रीशैल्याला जातो. अन्न सोडून बसतो. हे तरी जाईल, नाहीतर मी तरी.”

“जाऊ,” अप्पा म्हणाले. “वाटेत लातूर लागतं. तिथं उतरू. दवाखाना आहे.”

“उतरू…? तुम्ही?”

“एकट्याला तिथं बसवणार नाही तुला.”

सकाळी चन्नवीर अप्पांच्या खोलीत आला, तेव्हा त्याच्या हातात कुणा भक्ताकडून मागून आणलेला पांढरा शर्ट आणि पायजमा होता.

“भगव्यात नको, अप्पा. लोक ओळखतील.”

“बरं,” अप्पा म्हणाले. “माझ्या मापाचा मिळाला का?”

चन्नवीर उभा राहिला. मग कपडे तसेच परत करून आला. दोघं भगव्यातच एसटीत चढले.

दवाखान्यात कातडीच्या विभागासमोर बाकं भरलेली होती. खरूज, नायटा, कोड… लोक एकमेकांना दाखवून बोलत होते. एका कोपऱ्यात मात्र काही पुरुष भिंतीकडं तोंड करून बसले होते. ते काहीच बोलत नव्हते.

दारातला शिपाई ओरडला, “गुप्तरोगवाले! इकडं दुसरी रांग करा!”

कुणी हललं नाही.

“अरे, आहे का कुणी? का जाऊ देऊ डॉक्टरांना?”

कोपऱ्यातल्या माणसांनी माना आणखी खाली घातल्या. चन्नवीर फरशीकडं बघत राहिला.

अप्पा उठले. काठी टेकत गेले आणि दारापाशी एकटेच उभे राहिले.

बाकांवर कुजबुज झाली. एका म्हाताऱ्यानं त्यांना ओळखलं. हात जोडायला उचलले… आणि ते अर्ध्यावरच राहिले.

अप्पा शांत उभे होते.

चन्नवीरची कानशिलं तापली. गुरूंच्या पाठीवरचं भगवं वस्त्र सगळी खोली बघत होती. तो उठला. अवघडत, पाय फाकवत, सगळ्यांसमोरून चालत गेला आणि अप्पांच्या पुढं उभा राहिला.

“नंबर माझा आहे,” तो शिपायाला म्हणाला. आवाज मोठा निघाला. “हे सोबत आलेत.”

मग कोपऱ्यातला एक जण उठला. त्याच्यामागं दुसरा.

आत डॉक्टर फरीदा देशमुख होत्या. बाई बघून चन्नवीर दारातच थबकला.

“या स्वामीजी, पडद्यामागं जा,” त्या म्हणाल्या. “लाजायला वेळ नाही माझ्याकडं, बाहेर रांग आहे.”

तपासून त्या परत खुर्चीत बसल्या. अप्पाही आत येऊन बाजूच्या बाकावर बसले होते.

“चामखीळच आहे. ती फार मोठी भानगड नाही. बिब्ब्यानं भाजलंय ती भानगड मोठी. आधी ती जखम भरू दे. मग चामखीळ गार वायूनं गोठवून पाडू. एका खेपेत होणार नाही. परत उगवली तर परत यायचं.”

“ही कशाची शिक्षा असते, डॉक्टर?”

“विषाणू असतो. एचपीव्ही म्हणतात. कातडीला कातडी लागून येतो. जगात कितीतरी लोकांना होतो, पुष्कळांना कळतही नाही. काहींना अशी चामखीळ उठते.”

“पण मी मठात आल्यापासून…”

“आल्यापासून काही नाही, असंच ना? ठीक आहे. तो अंगात महिनोन्‌महिने गप्प बसतो, कधी वर्षं. कुणाकडून कुणाला गेला, ते कुणीच सांगू शकत नाही. शोधत बसू नका.”

“यातून कॅन्सर होतो म्हणतात…”

“चामखीळ आणणारे प्रकार सहसा कॅन्सर करणारे नसतात. तरी रक्ताच्या दोन तपासण्या करून घ्या, दुसरं काही नाही ना ते कळेल.” मग त्या थांबल्या. “आणि मठात यायच्या आधी कुणी असेल, तर त्या बाईंना कळवा. बायकांना गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी लागते. त्यांना माहीत असलं पाहिजे.”

चन्नवीरनं मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते डॉक्टरांना कळलं नाही. अप्पांना कळलं.

जखम भरली. गोठवणं सुरू झालं. झोंबायचं, फोड यायचा, खपली पडायची. चन्नवीर दातओठ खाऊन सोसायचा. सोसणं त्याला येत होतं. रक्ताच्या तपासण्या चांगल्या आल्या. पट्टाभिषेक पुढं ढकलला गेला. विश्वस्तांनी कारण विचारलं, तेव्हा अप्पा म्हणाले, “मुलाचं औषधपाणी चालू आहे.”

एवढंच.

मग एका सकाळी अंघोळ करताना त्याच्या हाताला खरखर लागली. बऱ्या झालेल्या जागेच्या बाजूला नव्या कळ्या उठल्या होत्या.

तो ओल्या अंगानंच अप्पांकडं आला.

“नाही जात हे, अप्पा. माझं ठरलं. आता दवाखाना बंद.”

“परत उगवेल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या.”

“म्हणाल्या होत्या. पण किती वेळा?”

“आणखी काय म्हणाल्या होत्या?”

चन्नवीर अंगावरचं पाणी टिपू लागला.

“दोन कामं सांगितली होती त्यांनी,” अप्पा म्हणाले. “दुखणारं तेवढं केलंस.”

“दुसरं…” चन्नवीर म्हणाला. “दुसरं दुखणारं नाही होय, अप्पा?”

अप्पांनी मठाच्या कचेरीकडं बोट केलं. तिथं फोन होता.

दिवसभर तो कचेरीच्या आसपास फिरला. एकदा आत जाऊन टेबल पुसून आला. ऊन कलल्यावर मात्र त्यानं दार लावून घेतलं आणि वैजयंताच्या भावाकडून तिचा नंबर मिळवला.

पुढं थंडी सरेपर्यंत तो लातूरला जात राहिला, दर खेपेला भगव्यात, दर खेपेला दुसऱ्या रांगेत. कळ्या आणखी एकदा उठल्या, मग उठायच्या थांबल्या. गादीवरही बसला. पण ते सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी तो कचेरीतून बाहेर आला, तेव्हा अप्पा ओसरीवर बसले होते. तो त्यांच्यासमोर बसला. मांडी घालून.

“झालं बोलणं?”

“झालं.”

“ओळखलं तिनं?”

“आवाजावरून. म्हणाली, आता तुला स्वामी म्हणायचं का चन्नू…”

अप्पा पुढं झुकले.

“तिला माहीत होतं, अप्पा. मी मठात आलो त्याच वर्षी तिला झालं होतं. एकटीनं औषध केलं. तपासणीही करून घेतली, सगळं ठीक आहे. पुढं लग्न ठरलं, तेव्हा त्या माणसाला तिनं आधी सांगितलं. मग लग्न केलं.”

“हं.”

“आणि… ती इथं आली होती.”

“कधी?”

“तेव्हाच. मलाही सांगावं म्हणून. उन्हातान्हात दोन गाड्या बदलून. मी पूजेत होतो. बाई आली आहे म्हटल्यावर मी आतूनच निरोप दिला… स्वामी बायकांना भेटत नाहीत.”



नदीवरून बगळे परतत होते. अप्पांनी त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो प्याला नाही. नुसता धरून बसला.

“रागावली?”

“नाही. तेच तर… रागावली असती तर बरं झालं असतं. कुणाकडून कुणाला, तेही विचारलं नाही. मी माफी मागितली, तर म्हणाली, ते राहू दे. किती वेळा उगवलं ते विचारलं. मी म्हटलं, परत आलंय, आता मी दवाखाना सोडतोय.”

“मग?”

“म्हणाली, मलाही परत परत आलं होतं. गाल फुगवून बसू नकोस. उद्याच्या गाडीनं जा. पूर्ण जाईपर्यंत औषध सोडायचं नाही.”

अप्पा काठीवर हात टेकून उठले.

“तिनं सांगितलंय, मग उद्या पहिल्या गाडीनं निघ,” ते म्हणाले. “गुरूचा शब्द मोडू नये.”