अकरा झिंगे आणि तांब्याचं घंगाळ

नकाशात शोधू नका, सापडणार नाही. पण एका डोंगराच्या पायथ्याशी तांबटांचं एक गाव होतं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथे तांबं ठोकल्याचा आवाज चालू असायचा. ठक ठक, ठक ठक. त्याच आवाजात मुलं जन्मायची, चालायला लागायची आणि म्हातारी व्हायची. गावातली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत आणि ऐकून घ्यायची सवय कुणालाच नव्हती. म्हाताऱ्यांना तर अजिबात नाही.

त्या गावातल्या थोरल्या तांबटाची मुलगी मथुरा. सगळे तिला मथू म्हणत. दुपारी आवाज असह्य झाला की ती डोंगर चढून वर जायची. वर एक झरा होता आणि झऱ्याखाली एक लहानसा डोह. काठावरच्या गार दगडावर पालथी पडून ती पाण्यात बघत राहायची.

पाण्यात झिंगे होते. गुंजेएवढे, आणि गुंजेसारखेच लाल. इतके हलके, की ते खरंच पोहतायत की आपल्याला झोप लागली आहे, हे तिला कळत नसे. पुढच्या बारीक हातांनी ते शेवाळाची चिमूट घेत, तोंडाशी नेत, पुन्हा चिमूट घेत. घाई नाही, थांबणं नाही. बघता बघता मथूच्या कानातली ठकठक विरून जायची आणि डोहाचं हिरवं पाणी आपल्या अंगावरूनच वाहतंय असं तिला वाटायचं.

गावात सांगत, की फार पूर्वी पाण्यात राहणाऱ्या साती आसरांची माळ तुटली आणि तिचे मणी त्या डोहात सांडले. तेच हे झिंगे. सांगायचे सगळे. बघायला मात्र कुणी वर येत नसे.

एके वर्षी डोंगराचा कडा खचला आणि डोह दगडमातीखाली गेला. मथू धावत वर पोचली, तेव्हा एका फटीतून झरा बारीक ठिबकत होता आणि त्याच्याखाली परातीएवढं डबकं उरलं होतं. डबक्यात अकरा झिंगे होते. तिने हाताने चिखल बाजूला केला, दगड उचकून पाहिले. बारावा सापडला नाही. सगळ्या डोंगरात आता तेवढेच.

तिने ते मातीच्या मडक्यात अलगद घेतले आणि घरी आणले.

घराच्या परसात जुनी दगडी डोण होती. पूर्वी तीत गुरं पाणी प्यायची. आता गुरं नव्हती, आणि वर्षानुवर्षं साचलेल्या पाण्याने डोण आतून हिरवीगार झाली होती. मथूने मडकं डोणीत तरंगत ठेवलं आणि डोणीतलं पाणी चुळकाभर मडक्यात घातलं. थोड्या वेळाने आणखी एक चुळका. असं ऊन कलेपर्यंत चाललं.

तिची आत्या ओसरीवरून बघत होती. शेवटी तिला राहवेना. "अगं, ओत की एकदाचं! लग्नाचं न्हाणं घालतेस का त्यांना?"

"एकदम ओतलं तर दगावतील, आत्या. नव्या पाण्याची ओळख व्हायला वेळ लागतो."

"आणि ते शेवाळ? राखेने खसाखसा घासून देते डोण."

"घासशील तर ते खातील काय? शेवाळ म्हणजे त्यांचं ताट आहे."

आत्या पुटपुटत आत गेली. मथूने मडकं अलगद कलतं केलं, तसे झिंगे काठावरून एकेक करत डोणीत उतरले आणि हिरव्यात दिसेनासे झाले.

मथू रोज झऱ्यावरून मडकंभर पाणी आणायची आणि धार लावून सावकाश डोणीत सोडायची. बदामाची एक-दोन वाळकी पानं त्यात टाकून ठेवायची. झिंगे पानाखाली बसत आणि पानाची जाळी होईपर्यंत ते कुरतडत. बाकी ती काही करत नसे. नुसती बघत असे. हेच गावाला खुपायचं. "काळजी घेते म्हणते, आणि हात तर कधी हलताना दिसत नाहीत," लोक म्हणत.

एकदा मथू बाहेर गेली असताना आत्याने डोणीत मूठभर भात टाकला. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, त्याला वास यायला लागला आणि दोन झिंगे तळाशी आडवे पडलेले दिसले.

"लेकरं उपाशी होती गं," आत्या रडवेली होऊन म्हणाली. "मूठभरच टाकला."

"मूठभर! आत्या, त्यांचं पोट मोहरीएवढं आहे."

"मग मोहरी टाकायची होती का?"

मथूला इतका राग आला होता, तरी हसू फुटलं. मग ती रडली. नऊ उरले.

पुढच्या आठवड्यात आत्या किंचाळली. "मथे, आणखी एक गेला! नुसतं टरफल राहिलंय बघ!"

मथूने डोणीत वाकून मोजलं. नऊच्या नऊ होते. तळाशी पडलं होतं ते झिंग्याचं रिकामं कवच. मिशांसकट, काचेच्या धाग्याने विणल्यासारखं. "मेलं कुणी नाही. एकाने अंगरखा बदललाय."

"मग जुना बाहेर काढून टाक की."

"राहू दे. तोच खाऊन त्याचा नवा अंगरखा घट्ट होतो."

आत्या त्या दिवशी पहिल्यांदाच डोणीजवळ बसली. घटकाभर बसली. दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीला आणलं. हळूहळू दुपारच्या वेळी परसात माणसं जमायला लागली. हिरव्या पाण्यात लाल ठिपके तरंगताना बघून त्यांचे खांदे सैल पडत, डोळे जड होत. कुणी भिंतीला टेकून डुलकी घ्यायचं. ओरडून बोलणाऱ्या त्या गावात एक जागा अशी झाली, जिथे माणसं आपोआप कुजबुजू लागली.

मग गोष्ट गावच्या पंचांच्या कानावर गेली.

"आसरांचे मणी, आणि गुरांच्या डोणीत?" सगळ्यात म्हातारे पंच कडाडले. "तांबटांच्या गावात? शेजारच्या गावाला कळलं तर तोंडात शेण घालतील!"

ठरलं, की मण्यांसाठी तांब्याचं घंगाळ घडवायचं. काम अर्थातच थोरल्या तांबटाकडे आलं.

मथूच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, जन्मभरात तसं घंगाळ घडवलं नव्हतं. वीस दिवस ते त्याच्यावर मठाराचे, नक्षीसारखे बारीक ठोके देत होते, एकाशेजारी एक, तांदळाएवढे. काठावर त्यांनी कमळाची पानं कोरली. शेवटी चिंच लावून ते असं उजळलं की त्यात बघणाऱ्याचा चेहरा सोन्याचा दिसे. "तुझ्या झिंग्यांसाठी गं," ते मथूला म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी माया होती, की पुढचं बोलणं तिला जड गेलं.

"आबा, तांब्यात ते जगणार नाहीत."

"काहीतरीच! देवाला तांब्याचं पाणी चालतं, आपण रोज उठून तांब्याभर पितो. तुझ्या किड्यांनाच काय झालंय?"

"आपण तांब्याची भांडी धुतो त्या ओढ्यात तुम्ही कधी मासा बघितलाय? बेडूक? साधा पाण्यावरचा किडा?"

"नाही. पाणी स्वच्छ आहे म्हणून."

"धुण्याच्या घाटाच्या वर आहेत की सगळे. घाटाखाली नाहीत. तुम्ही एकदा माझ्याबरोबर चला आणि बघा. मग तुम्ही ठरवाल तसं."

मथूने डोणीकडे बोट दाखवलं. "काल एकीने कात टाकलीय. अंग मऊ असतं तेव्हा ती लपून बसते. म्हणून आज आठच दिसतायत. ती आपणहून बाहेर येईपर्यंत डोणीला हात लावणार नाही, एवढं कबूल करा. तेवढ्यात आपण ओढ्यावर जाऊन येऊ."

आबांनी आपल्या हातोड्यावर हात ठेवला. तांबटांमध्ये याहून मोठी शपथ नाही. "कबूल," ते म्हणाले.

मथू मडकं घेऊन झऱ्यावर गेली.

ती वळणाआड होते न होते, तोच ढोल वाजवत पंच परसात आले. मागे सगळं गाव. आबा म्हणाले, "दोन दिवस थांबू. मथूला शब्द दिलाय."

"म्हणजे आता गावाचा उत्सव पोरीच्या परवानगीने?" म्हातारे पंच हसले. त्यांच्याबरोबर सगळे हसले. "थोरल्या, घरात थोरलं कोण आहे ते तरी ठरव!"

आबांचे कान लाल झाले. एका बाजूला हातोड्यावरची शपथ होती, दुसऱ्या बाजूला शंभर माणसांचं हसणं. त्यांनी एकवार उजळलेल्या घंगाळाकडे बघितलं आणि बाह्या सारल्या.

आठ झिंगे सापडले. नववीसाठी त्यांनी पान उचललं, शेवाळात बोटं घातली, पण ढोल थांबायला तयार नव्हता आणि पंच घाई करत होते. "एक राहिला तर राहू दे रे!" आठ मणी घंगाळात पडले आणि गावाने टाळ्या वाजवल्या.

मथू परतली तेव्हा ढोल थांबला होता आणि माणसं घंगाळाभोवती उभी होती. तिने घंगाळात बघितलं. चकचकीत तळावर आठही जण आडवे पडले होते, आणि त्यांचा लाल रंग दुधासारखा फिका झाला होता.

"किती नाचले गं आधी," आबा म्हणाले. "पाण्यात सोडल्याबरोबर गरागरा फिरायला लागले. आम्हाला वाटलं, त्यांना आवडलं."

"नाचत नव्हते, आबा. बाहेर पडायची वाट शोधत होते."

म्हातारे पंच खाकरले. "त्यांचं आयुष्यच तेवढं. त्याला कोण काय करणार?"

"आठही जणांचं आयुष्य एकाच दुपारी संपलं का?" मथू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही गावात सगळ्यात आधी जन्मलात, एवढं मला मान्य आहे. पण या परसात एक दुपार तरी बसला होतात का?"

ढोलवाल्याने ढोल पाठीमागे लपवला. एकेक करत लोक निघून गेले.

आबा मात्र ओढ्यावर गेले. एकटेच. घाटाच्या वर जाऊन पाण्यात वाकले, मग घाटाखाली दूरवर चालत गेले. परतले तेव्हा त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं.

"घाटाखाली काहीच नाही," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मथूने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "जन्मभर तिथे पाय धुतले, आणि कधी खाली बघितलं नाही. मी शब्द मोडला, मथू."

"हो," मथू म्हणाली. ती त्यांची समजूत घालायला गेली नाही. डोणीच्या काठाशी जाऊन बसली. थोड्या वेळाने आबाही तिच्या शेजारी बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बदामाच्या पानाखालून दोन मिशा बाहेर आल्या. मग नववी आली; नव्या अंगरख्यात, आधीपेक्षाही लाल. तिच्या पोटाखाली मोहरीच्या दाण्यांसारखी अंडी चिकटलेली होती आणि ती आपल्या पायांनी त्यांना सारखा वारा घालत होती.

आबा गुडघ्यांवर सरकत पुढे आले. "आता मी काय करू? सांग. काय आणू?"

"काही नाही. बसा."

जन्मभर ठोकत आलेल्या माणसाला नुसतं बसणं फार अवघड गेलं. त्यांची बोटं गुडघ्यावर आपोआप ठोके देत. पण ते बसले. रोज झऱ्यावरून मडकंही तेच आणू लागले, आणि चुळका-चुळका पाणी सोडू लागले. आत्या भाताची मूठ मिटून दुरूनच बघे.

महिना होत आला, तेव्हा एका सकाळी आबांनी पाण्यावर नाक टेकवलं आणि ते लहान मुलासारखे कुजबुजले, "मथू, धूळ पोहतेय गं!"

ती धूळ नव्हती. पापणीच्या केसाएवढी पिल्लं होती, काचेसारखी आरपार. वीस असतील, पंचवीस असतील. प्रत्येकाच्या अंगात लालीचा एकेक कण होता, कुणी कुंकवाचं बोट झटकावं तेवढा.

त्या वर्षी तांबटांनी ओढ्यावरचा घाट बंद केला. भांडी धुवायला ओढ्यापासून लांब, माळावर खड्डा खणला. पहिली कुदळ आबांनी मारली. पुढे मथूने डोणीतले काही झिंगे ओढ्यात सोडले, आणि कितीतरी वर्षांनी घाटाखालच्या पाण्यातही गुंजेएवढे लाल ठिपके तरंगू लागले. पंच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, की ही कल्पना मुळात त्यांचीच होती. मथू ऐकायची आणि सोडून द्यायची.

गावातलं सगळ्यात सुंदर घंगाळ अजून त्या परसात आहे. ते डोणीशेजारी पालथं घातलं आहे. ज्याला झिंगे बघायचे असतील, त्याने त्याच्यावर बसायचं आणि गप्प राहायचं.

तात्पर्य सांगायचंच तर एवढंच: आपल्याला जे मोलाचं वाटतं, ते दुसऱ्याला मानवेलच असं नसतं, म्हणून ज्याचं भलं करायचं, त्याच्याकडे आधी नीट बघावं. आणि बघायला सवड नसेल, तर जो रोज बघतो त्याचं ऐकावं, मग तो वयाने कितीही लहान का असेना.