शाकारणीची चार माणसं

वादळात शेवंतीकाकीच्या घरावरची कौलं उडाली. घरात ती एकटीच होती. दरवर्षी छप्पर शाकारणारा तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला, तो परतलाच नव्हता.

सरपंच तावडे सभा घेऊन वाडीला छपराचे पत्रे वाटत होते. काकी म्हणाली, "मला कौलंच द्या."

तावडे भर सभेत हसले. "काकी, कौलं दरवर्षी शाकारावी लागतात. त्याला चार माणसं गोळा करावी लागतात. आता तुमच्याकडे वर चढणार कोण? पत्रा घातला की वीस वर्षं घराकडे कुणी फिरकायला नको. पत्र्यापेक्षा कौलात काय चांगलं, एवढं एक सांगा. कौलं मी स्वतः आणून देतो."

"ते तुम्हीच सांगितलंत," काकी म्हणाली. "पत्रा घातला तर वीस वर्षं कुणी फिरकणार नाही. कौलांपायी वर्षातून एकदा तरी चार माणसं माझ्या घरी येतील, चहा पितील."

तावड्यांनी मान खाली घातली.

आठवड्यात कौलं आली. ती चढवायला चार माणसं पुरली असती, पण तावड्यांसकट एकोणीस जण आले. काकीकडे कप चारच होते. चहा संध्याकाळपर्यंत चालला.