वास कुणाला येतो?

सरदार हैबतरावांच्या भुंग्या कुत्र्याला रोज सुगंधी उटण्याने न्हाऊ घालत, तरी संध्याकाळपर्यंत सदरेवर नाक धरायची पाळी येई.

“कुत्र्याला वास येतो! उद्याच रानात सोडा,” सरदार गरजले.

पडद्याआडून धाकटी सून तुळजा म्हणाली, “मामंजी, एक दिवस तो माझ्याकडे राहू द्या.”

दुसऱ्या संध्याकाळी भुंग्या चमेलीसारखा दरवळत आला. लढाई जिंकल्यापासून सरदारांनी शुभ म्हणून कधीच न धुतलेल्या अंगरख्याच्या घोळात तो लाडाने शिरला. घटकाभरात पुन्हा तीच दुर्गंधी!

“बघ! कुत्र्याला वास येतोच.”

“खरंय, मामंजी. वास कुत्र्यालाच येतो. त्या अंगरख्याचा वास आम्हाला आला, तर आमची डोकी धडावर राहतील का?”

सरदारांनी मान खाली घालून अंगरखा हुंगला आणि ते हळूच म्हणाले, “परटाला बोलवा.”